तापलेल्या पाच घोड्यांची आणि पाच झुलींची हकीकत

"ह्याला आंघोळ घाला, त्याला आंघोळ घाला. मला सकाळपासून चहा तरी विचारलाय का कुणी?" ऐसे तबेल्याचे मागे कारभारी धोंडीबा हाती तांब्या घेऊन आपणाशीच पुटपुटले, आणि तांब्यातील पाणी घोड्याचे नाकावर ओतते जाहले, आणि चर्र करोन ऐसी वाफ उठली की कारभाऱ्यांचा चष्मा आंधळा जाहला. तेथून या हकीकतीस आरंभ.

श्री. वाऱ्यास वंदन, पाण्यास वंदन, आणि जो न सांगता वेळेवर फिरतो त्या पंख्यास दोनदा वंदन. शालिवाहन शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा कोणाचे डोके तापले यात नवल ते काय. तांबड्या मातीचे एका पठारावर एक राज्य होते. राज्य म्हणजे किती, तर पत्र्याचा तबेला, तिकिटांची खिडकी, मागे राहते घर, आणि तेथून कड्याचे टोकापर्यंत दीड कोस खडकाळ वाट. फौज म्हणजे पाच चतुश्चक्र घोडे, ज्यांस परमुलखी एटीव्ही म्हणतात. शहरचे लोक सुटीत येत, डोईस हेल्मेट चढवीत, घोड्यावर बसोन टोकापर्यंत जात, आणि तेथे फोटो काढोन, नखशिखान्त तांबडे होऊन, मोठी मोहीम फत्ते केल्याचे तोऱ्यात परत येत.

घोड्याची प्रकृती ऐसी की पोटात इंजिन, त्याभोवती हिरवे पाणी खेळते, ते तापले की नाकातील जाळीत येते, आणि जाळीमागे पंखा असतो तो बाहेरचा वारा आत ओढोन पाण्यास निववतो. भरधाव घोड्यास वारा आपसूक मिळतो. परंतु खडकाळ चढावर घोडा मुंगीचे पायाने चाले, तेथे सगळी भिस्त एकट्या पंख्यावर. जाळी बुजली वा पंखा रुसला की हँडलापाशी लाल दिवा लागे. हे जाणोन राज्याचे धनी थोरले राजे यांनी दस्तूर घालोन दिला होता, की जाळीतील माती मागील अंगाने बारीक धार सोडोन काढावी, पुढोन जोर करू नये, पाती मुडपतात. झाकण गरम असता उघडू नये. आणि टोकास पोचताच घोड्याचे तोंड वाऱ्याकडे करावे, इंजिन लागलीच बंद न करिता पंखा फिरू द्यावा, आणि वाटेवरील करंजाचे एक पान तोडोन जाळीवर धरावे. पान चिकटले तर घोडा श्वास घेतो आहे. पान गळाले तर तेथेच थांबावे, मग मागे कलेक्टर बसलेला असो की नवी नवरी.

मग मागील कार्तिकात थोरल्या राजांची खुर्ची रिकामी जाहली. घरात तो शब्द कोणी उच्चारीना. "ते होते तेव्हा," ऐसे कोणी आरंभावे आणि दुसऱ्याने घाईने चहाचे विचारावे, ऐसा रिवाज पडला, आणि त्या हिवाळ्यात राज्यात चहा फार खपला. आईसाहेब द्वारकाबाई तर तीन महिने कोणाशी धड बोलल्या नाहीत. मग माघात एके दुपारी त्यांनी कपाट उघडले आणि थोरल्या राजांचे सदरे बाहेर काढले, चौकड्यांचे, रेघांचे, एक बाही फाटलेला, आणि जुन्या लुगड्यांचे अस्तर घालोन, गोधडीस घालतात तैसे दाट टाके घालोन, पाच घोड्यांस पाच झुली शिवल्या. शिवता शिवता गुणगुणू लागल्या. ते गुणगुणणे ऐकोन धाकटे राजे मानाजीराव हातातील घास तैसाच धरोन बसले होते, ऐसे धोंडीबा सांगतात. पाडव्याचे दिवशी झुली चढल्या, कपाळापासून थेट नाकाचे खालपर्यंत, आणि आईसाहेब बोलल्या, "ऊन लागतं रे बिचाऱ्यांना." आणि सर्वांनी "फार छान, फार छान" म्हटले.

आणि पाडव्यापासोन घोडे तापू लागले.

मग मसलती बसल्या. पहिले मसलतीत माती दोषी ठरली, आणि तबेलदार बाबालाल मिस्त्री यांनी पाचही जाळ्या धुतल्या, जुन्या दातब्रशने पाती सरळ केली, आणि घोडे तापले. दुसरे मसलतीत हिरवे पाणी दोषी ठरले, ते बदलले, आणि त्या गडबडीत धोंडीबांनी गरम झाकण उघडले, त्यात त्यांची अर्धी मिशी कामी आली, आणि घोडे तापले. तिसरे मसलतीत ठरले की पंख्याने आपले मर्जीने फिरू नये, हुकुमाने फिरावे. मग हँडलास कळ बसवली, आणि ती बंद करावयास सारेच विसरले, आणि सकाळी बॅटऱ्या गतप्राण, आणि साऱ्या राज्याने मिळोन घोडे ढकलले. इतके जाहले, परंतु झुलीकडे कोणी पाहीना. पाचही घोड्यांचे नाकावर थोरल्या राजांचे सदरे बांधलेले, आणि मसलतगार जाळीविषयी बोलताना टायरांकडे पाहत.

मग बाबालाल आणि धोंडीबा यांनी गुप्त बेत केला, तो ऐसा, की घराची खिडकी दिसेनाशी होते त्या वळणावर झुली सोडाव्या आणि परतताना त्याच वळणावर बांधाव्या. आठ दिवस घोडे थंड राहिले आणि राज्यात आनंद जाहला. परंतु नवव्या दिवशी एक झूल उलटी बांधली गेली, खिसा आत आणि अस्तर बाहेर. आईसाहेबांनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "वाऱ्यानं सुटतात वाटतं. माझंच चुकलं, बंद लहान ठेवले." मग त्यांनी दुपारभर बसोन प्रत्येक झुलीस चार चार लांब बंद लावले आणि स्वहस्ते ऐशा गाठी मारल्या की त्या सोडावयास दाभण लागावे. चांगुलपणाचा हा ऐसा परिणाम जाहला.

मग घोडे ऐसे उकळले की एके दिवशी दोन पाहुणे वाटेतून पायी परत आले. ते पाहोन धाकटे राजे संतापले आणि तिकिटांचे खिडकीपाशी रांग उभी असता सर्वांदेखत, घरात ऐकू जाईल ऐसे, बोलले, "मिस्त्री, अक्षय्य तृतीयेला एक जरी घोडा तापला तर हत्यारं गुंडाळा. शहरातनं दुसरा माणूस आणतो मी." बाबालाल बावीस वर्षे त्या तबेल्यात. ते इतकेच बोलले, "बरं, मालक." मग राजे तबेल्याचे मागे गेले आणि एका टायरास लाथ मारली, आणि लंगडत घरात गेले. राजांसही कारण ठाऊक होते. ठाऊक असोन न सांगणे जड, त्यापरीस ओरडणे हलके, म्हणोन ते ओरडले.

धोंडीबा आईसाहेबांचे खिडकीकडे पाहोन बाबालालांस म्हणाले, "मिस्त्री, सांगून टाका की वयनींना."

"तू सांग."

"मी? मला तिथं दोन वेळ जेवायचंय."

"मग गप बस. चार महिन्यांनी हसायल्यात त्या. म्या पंखं लई बघितल्यात, धोंडीबा. दुसरीकडं बी पंखंच असत्यात." ऐसे बोलोन बाबालालांनी पाने, पकडी आणि स्क्रू-ड्रायव्हर पुसोन जुन्या पिशवीत एकेक करोन भरावयास घेतले.

मग तृतीयेचा दिवस उजाडला. गर्दी दाटली, आणि आईसाहेब नेसत्या पातळाचा पदर खोचोन तबेल्यात आल्या आणि बोलल्या, "आज मलाही टोकाला जायचंय." कार्तिकापासोन त्या वाटेस त्या फिरकल्या नव्हत्या. सर्वांची तोंडे पाहण्याजोगी जाहली. मग गुलाब नामे घोडा पुढे आणिला, त्याची झूल निळ्या रेघांचे सदऱ्याची, खिसा बरोबर नाकावर. बाबालाल पुढे बसले, म्हणाले, "वयनी, धरून बसा." राजे दुसऱ्या घोड्यावर मागोमाग निघाले.

चढ अर्धा सरला आणि गुलाबाचा लाल दिवा लागला. बाबालालांनी दस्तुराप्रमाणे घोड्याचे तोंड वाऱ्याकडे केले, इंजिन चालू ठेविले, आणि खाली उतरोन उगीच चाकाकडे पाहू लागले. राजे येऊन उभे राहिले, त्यांनी आभाळाकडे पाहिले.

"काय झालं?" आईसाहेबांनी पुसले.

"पंखा दमला असंल, वयनी," बाबालाल बोलले. "माझीच कसर हाय. मालकांनी आधी सांगितलंच हुतं."

राजांचे कान लाल जाहले.

आईसाहेब उतरल्या. थोरले राजे करीत तैसे त्यांनी करंजाचे एक पान तोडले आणि घोड्याचे नाकापाशी नेले, आणि पान धरावयास जागाच नाही ऐसे पाहोन थांबल्या. आत पंखा जिवाचे आकांताने फिरत होता. सदऱ्याचा खिसा जाळीत ओढला जात होता, तोंडावर पांघरूण पडलेल्या माणसाचे गालांसारखा. त्यांनी खिशावर तळहात ठेविला. बराच वेळ ठेविला.

"बाबालाल, पंखा कधीपासून दमलाय?"

"झाला की... म्हैना."

"पाडव्यापासून ना?"

बाबालाल चाकावरील माती बोटाने खरवडू लागले. वारा मात्र कड्यावरोन भरपूर येत होता.

"आणि ती झूल उलटी झाली ती वाऱ्यानं नाही."

"न्हाई, वयनी."

"मान्या, तुलाही ठाऊक होतं?"

"आई, उन्हात उभी नको राहूस," राजे बोलले. "आपण घरी जाऊन चहा..."

"चहा पुरे झाला आता," आईसाहेब म्हणाल्या. "ह्या माणसाला तू हाकलायला निघालास, पण मला एवढं सांगवेना तुला? पंखा धडधाकट आहे. मीच त्याच्या तोंडावर ह्यांचा सदरा बांधलाय. मान्या, तुझे वडील गेले. कार्तिकात गेले. घोडा गुदमरवून ते काही परत यायचे नाहीत. ये, सोड ही गाठ, माझ्यानं सुटत नाहीये."

मग गाठ सुटली, पान चिकटले, दिवा विझला, आणि बाबालालांची हत्यारांची पिशवी पुन्हा तबेल्यात उलटी जाहली. झुली हल्ली घोड्यांचे पाठीवर असतात, बसणारास मऊ लागतात. जितके घडले तितके लिहिले. इंजिन बंद केले, पंखा काही वेळ फिरत होता.