एकोणचाळीस मार्क

लिमये मास्तरांनी मला फसवलं. एकदा नव्हे, लागोपाठ दोन वर्षं. आणि माझ्या तोंडादेखत एका बाईला तिच्या हक्काच्या बक्षिसापासून लांब ठेवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला त्यांच्या साधेपणाचं कौतुक ऐकवायला नको.

साधा माणूस चित्र उलटं धरून बघत नाही. लिमये मास्तर बघायचे. आधी खालची बाजू वर करायची, चष्मा कपाळावर चढवायचा, कागद नाकाला लावायचा आणि श्वास रोखून मिनिटभर उभं राहायचं. मग म्हणायचं, "रेघ खोटं बोलत नाही." तीस वर्षं त्यांनी रत्नागिरीत चित्रकला शिकवली, पण पन्नासपैकी पंचेचाळीसच्या वर मार्क कोणाला दिले नाहीत. वरचे पाच कोणाचे, असं विचारलं तर म्हणायचे, "ते देवाचे. देवाने भाग घेतला तर बघू."

बारा महिने त्यांच्या हातात छत्री. मूठ मोडलेली, तिला तांबडी सुतळी गुंडाळलेली. वैशाखात कातळावर पाय भाजत असले तरी ती उघडायची नाही. का, तर "उघडली की झिजते."

मी मासळीवाला. डोक्यावर पाट्या वाहून वर आलो. आज जेटीवर मी बोली लावली की बाकीचे आधी माझ्या तोंडाकडे बघतात. कल्ला उघडून बघितल्याशिवाय मी सुरमई घेत नाही. शहराबाहेर कातळावर म्हाताऱ्या आणि डोकं थकलेल्या माणसांचा एक आश्रम आहे, तिथे माझी मासळी जाते. तिथल्या व्यवस्थापक शेवडेबाई चित्रस्पर्धेसाठी बक्षीस मागायला आल्या. मी ट्रान्झिस्टर कबूल केला, पण फुकट काही द्यायची मला सवय नाही. दोन अटी घातल्या. एक, परीक्षकांत मी पाहिजे. दुसरी, ज्याचा पहिला नंबर आला त्याने पुन्हा भाग घ्यायचा नाही. एकानेच दर साली बक्षीस लाटायचं हे मला चालत नाही.

दुसरे परीक्षक लिमये मास्तर. दोघांनी मिळून प्रत्येक चित्राला एकच आकडा ठरवायचा.

पहिल्या वर्षी चौदा चित्रं होती. नाटे गावचा एक म्हातारा तांडेल होता, होडीचा नाखवा, माझ्या बापाबरोबर एका होडीवर काम केलेला. अर्धं अंग गेलेलं, डाव्या हाताने त्याने होडी काढली होती. होडी कसली, पालथी घातलेली परात! पण माझ्या बापाचा सोबती तो. मी अडून बसलो.

आणि एक चित्र होतं सुमनबाईंचं. आश्रमात सगळ्यांना पहिल्या नावानेच ओळखतात. एक दार, दाराशेजारी खुंटी, खुंटीला छत्री. बस. पण ते दार असं काढलेलं, की आत कोणीतरी आहे असं वाटावं. मला चित्रातलं काही कळत नाही, तरी ताजा माल कळतो.

"ह्याला किती, मास्तर?"

मास्तरांनी कागद उलटा धरला. फार वेळ धरला. "एकोणचाळीस."

"आणि माझ्या तांडेलाला?"

"तुमच्या तांडेलाला पंचेचाळीस देतो, मयेकरशेठ. पण बाईंना एकोणचाळीसच."

मी मनात हसलो. परातीला पंचेचाळीस! सौदा माझ्या बाजूने झाला, असं समजून मी सही केली. समोरचा आपण होऊन भाव वाढवतो तेव्हा माल कुठेतरी कुजका असतो, हे जेटीवरचं पोरसुद्धा सांगेल. मला कळलं नाही.

निकाल लागला आणि सुमनबाई मास्तरांसमोर आल्या. केस विंचरलेले, पदर नीट खोचलेला.

"परीक्षक, मला किती पडले?"

"एकोणचाळीस."

"कुठे चुकलं?"

"दार जरा वाकडं आलंय. पुढच्या वर्षी पुन्हा काढा."

"तुम्ही येणार ना पण?"

"परीक्षकाला यावंच लागतं," मास्तर म्हणाले आणि न उघडलेली छत्री या हातातून त्या हातात घेतली.

दुसऱ्या वर्षी माझ्या भिडेतलं कोणी नव्हतं. सुमनबाईंनी तेच दार काढलं होतं, या वेळी किंचित उघडं. बाकीची चित्रं त्याच्यापुढे म्हणजे सुरमईपुढे काटेरी करली.

"पंचेचाळीस," मी म्हटलं.

"एकोणचाळीस."

"त्रेचाळीस घ्या नि मोकळे व्हा."

"मयेकरशेठ, ही जेटी नव्हे."

"काय वो मास्तर, दार सरळ हाय, रेघ सरळ हाय, मग मार्क खाल्ले कोणी? चाळीस तरी द्या!"

"एकोणचाळीस. नाहीतर दुसरा परीक्षक बघा."

माझं डोकं फिरलं. पेन्सिल टेबलावर आपटली, "खडूस बामण" असं काहीतरी बोललो आणि निघून आलो. माझ्या मागे मास्तरांनी ट्रान्झिस्टर एका आजोबांना दिला. त्यांनी नारळाचं झाड काढलं होतं, आणि ते ऐकायचेही नाहीत, ठार बहिरे!

त्यानंतर मास्तर बाजारात दिसले तरी मी तोंड फिरवायचो.

आषाढात तांडेल आजारी पडला म्हणून आश्रमात गेलो. ओसरीवर लिमये मास्तर बसले होते, कसल्यातरी कागदावर सही करत. सही करताना कागद त्यांनी सुलटाच धरला होता. मी शेवडेबाईंना विचारलं, "हे इथे कशाला?"

शेवडेबाई हळूच म्हणाल्या, "सुमनताई पहाटे गेल्या. यजमान त्यांचे."

"कोण यजमान?"

"मास्तर. तुम्हाला ठाऊक आहे असं मला वाटलं."

मग त्यांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी बाईंचं डोकं गेलं. मास्तर नवरा म्हणून आले की त्या किंचाळायच्या, खाटेमागे लपायच्या, "हा कोण परका माणूस? घालवा याला." पुढे मास्तर फाटकाबाहेर बसून परत जायला लागले. पण स्पर्धा सुरू झाली आणि परीक्षक म्हणून ते आत आले, तेव्हा बाईंनी आपण होऊन त्यांना बसायला खुर्ची दिली. वर्षातून तो एक दिवस. दोन महिने आधीपासून त्या त्यांच्यासाठी चित्र काढायच्या. निकालानंतर दोन्ही वर्षी त्यांनाच विचारायच्या, कुठे चुकलं.

"आणि पहिला नंबर आला की पुन्हा भाग नाही," शेवडेबाई म्हणाल्या, "ही अट तुमचीच ना, शेठ?"

मी कपाटातून ती दोन्ही चित्रं मागून घेतली. खुंटीवरच्या छत्रीच्या मुठीला तांबडा रंग होता. दोन वर्षं मी ते दार बघत होतो. माशाचे कल्ले उघडून बघणारा मी!

ओसरीवर जाऊन मी मास्तरांसमोर उभा राहिलो. "मला सांगायला काय झालं होतं? मी अट मोडली नसती?"

त्यांनी वर बघितलं. "तुम्ही बदल्यात काय मागितलं असतं, शेठ?"

मी हातातली चित्रं त्यांच्यापुढे धरली. मग तेच म्हणाले, "रेघ खोटं बोलत नाही. परीक्षक बोलतो." आणि त्यांनी छत्री उघडली. चार काड्या मोडलेल्या. धो धो पावसात ते तिच्याखालून भिजत गेले.

यंदाची स्पर्धा जवळ आली आहे. अट मी काढून टाकली आहे. आता तिचा उपयोग कोणाला? मास्तर परीक्षक म्हणून येणार आहेत, असा निरोप आला. या. मीही येतो. ती दोन दारं मी भिंतीवर लावून ठेवणार आहे, आणि सगळ्यांच्या देखत विचारणार आहे. बाई दोन वर्षं तुमच्यापुढे उभी राहून विचारत होती, कुठे चुकलं. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला तुम्ही कधी तसं म्हणाला नाहीत, आणि आता ती विचारायला नाही, म्हणून मी विचारतो. पन्नासातले पाच देवाचे, कबूल. उरलेले सहा, मास्तर? त्यांचा जाब द्या.