जाड अक्षरातलं टपाल

"आण्णा, जाड अक्षरात दिसतंय ते न वाचलेलं पत्र. त्याच्यावर बाण न्यायचा आणि माऊसचं डावं बटण दाबायचं." एवढा धडा देऊन सून दीपमाला आण्णांची औषधं आणायला शेजारच्या दुकानात गेली.

आण्णांनी पलूसच्या वाड्यावस्त्यांवर छत्तीस वर्षं टपाल वाटलं होतं. आता मुलगा महेंद्र बंगलोरहून ईमेलच पाठवायचा, म्हणून उतारवयात ते सांगलीच्या सायबर कॅफेत शिकायला बसले होते.

समोर जाड अक्षरातली एक ओळ होती. आण्णांनी बटण दाबलं. पत्र उघडलं आणि वरचं नाव वाचून ते खुर्चीतून उठलेच. मंगल! त्यांच्या आधी बसलेली मुलगी आपली ईमेलची पेटी उघडीच टाकून गेली होती, आणि दुसऱ्याचं टपाल त्यांनी फोडलं होतं.

त्यांनी कॅफेवाल्याला गाठलं. "ती परत आली की वाचंल की, आजोबा," तो म्हणाला.

"आन् तवर? टपाल असं आडवून ठेवत न्हाईत, गड्या."

आण्णांनी पत्र छापून घेतलं, पुढं एक अक्षरही न वाचता पाकिटात घालून डिंकानं चिकटवलं, कॅफेच्या नोंदवहीतला मंगलचा पत्ता उतरवला आणि रिक्षानं थेट कुपवाड गाठलं. दीपमाला औषधं घेऊन आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

मंगलचे वडील दादासो जतकडचे. कुपवाडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं कंत्राटी वॉचमन. त्यांनी पाकीट फोडलं आणि कागद उलटसुलट केला.

"इंग्रजी हाय. तुमीच वाचा की."

तारा वाचून वाचून आण्णांना इंग्रजी कळायचं. त्यांनी वाचलं. कोणी राजवर्धन लिहीत होता: रविवारी येतो. बाबांना आपलं सांगितलंस का? नाहीतर मीच सांगतो. आण्णांनी मान वर केली. पाण्याचा तांब्या घेऊन आलेली मंगल दारातच थिजली होती.

छत्तीस वर्षांत आण्णांनी कुणाच्या पत्रातला शब्द बदलला नव्हता.

"कंपनीचं हाय," ते म्हणाले. "रविवारी सायेब येणार हायत. मंगलच्या कामाचं बोलायला."

"सायेब? आमच्या घरी?" दादासोंनी आत बायकोला, हरणाबाईंना, हाक मारली. "आगं, कोंबडं बघून ठेव! आन् आण्णा, तुमीबी यायचं. सायबाशी बोलायचं कुणी?"

घरी दीपमालानं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. रविवार येईपर्यंत आण्णांना जेवण गोड लागलं नाही.

राजवर्धन आला. सतरंजी, पानसुपारी, नवा टॉवेल असा थाट बघून त्याला वाटलं, मंगलनं सगळं सांगितलंय. तो दादासोंच्या पाया पडला.

"लय नमता सायेब हाय," दादासो आण्णांच्या कानात म्हणाले. मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, "आमच्या पोरीला रात्रपाळी न्हाई ना?"

राजवर्धन गोंधळला. "नाही, नाही. घरातच राहील."

"आन् किती वर्सांची बोली?"

"जन्मभराची."

"म्हंजे पर्मनंट?"

"हो, पर्मनंट," राजवर्धन खाली बघत म्हणाला. दादासोंचे डोळे भरून आले. चुलीपाशी मंगल वर बघतच नव्हती.

जेवणं झाल्यावर दादासो आण्णांना रिक्षापर्यंत सोडायला आले. आण्णांनी वाटेतच त्यांचा हात धरला.

"दादासो, माझ्याकडनं लय मोटी चूक झाली. त्या पत्रात..."

"म्हाईत हाय."

"काय?"

"मला इंग्रजी येत न्हाई, आण्णा. पर पोरीचं त्वांड वाचता येतंय. तुमी कागद हातात घ्येतला तवाच कळलं."

आण्णा रस्त्यातच थांबले. "आवं, मग आज रात्रपाळी, बोली, ही सगळी चवकशी कशासाठी?"

दादासोंनी टोपी नीट केली. "मुलीचा बाप म्हनून इचारलं असतं, तर पोरगं पाठ केल्यालं बोललं असतं. हितं त्याला काय इचारत्यात त्येच कळत न्हवतं, तरी जलमभराची बोली म्हनला. बसा रिक्षात. पुढच्या रविवारी त्याच्या आईबापाला बोलवायचंय. तेवढं पत्र तुमीच धाडा."