राखून ठेवलेली चूक

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाल्यावर परबकाकांनी अल्बम चाळता चाळता शोध लावला, की आमचा अंतरपाट उलटा धरलेला होता. बायको दोन दिवस धड बोलली नाही. "चूक ती चूक," काका शांतपणे म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

काका आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. गावचं घर भावाच्या वाट्याला गेल्यापासून तिकडेही जात नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या बोरीवलीच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर चित्र काढायचं ठरलं. अख्खा रस्ता तिथे कचरा टाकायचा. अनुजा नावाची चित्रकार मुलगी आली आणि भिंतीवर कोकणातलं बंदर रंगवू लागली. दुसऱ्या दिवशी तिच्या मागे काका, घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास.

"बाय, खेकड्याक सहाच पाय? अपघात झालो काय?"

तिने पाय वाढवले. मग माड फार सरळ निघाला, मग होडीचा दोर चुकला. पंधरा दिवसांचं काम दीड महिना चाललं. मी बायकोला म्हटलं, हा माणूस त्या पोरीची वाट लावणार. अनुजा मात्र हसायची, चहा प्यायची आणि पुन्हा ब्रश उचलायची.

आता तिथे कचरा पडत नाही. संध्याकाळी बायका गप्पा मारत बसतात, पोरं फोटो काढतात. काकांची खुर्चीही तिथेच असते, पण त्यांच्या वाटेला कोणी जात नाही. न जाणो, आपलीच चूक निघायची. मीसुद्धा ते जिन्यात दिसले की मोबाईल कानाला लावायचो. सांगायला लाज वाटते.

परवा त्यांनी हाक मारून बसवलंच. समोर भिंतीवर टोपलीजवळ रंगवलेलं मांजर पाहून मला आनंद झाला.

"काका, तुमच्या नजरेतून सुटलं. मांजराला मिशाच नाहीत."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"माका म्हायत आसा. कोणाक बोलू नको."

"का?"

"जाताना ती म्हणाली, चूक दिसली तर फोन करा, येऊन नीट करीन. आता ही एकच उरलीय. गणपतीत अख्खी बिल्डिंग गावाक जाता ना रे. तेव्हासाठी राखून ठेवलीय."

मी खुर्ची जवळ ओढली आणि आणखी एखादी चूक सापडते का, ते आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत बघत बसलो.