फळ्यावर नव्हतं म्हणून

सत्तावीस वर्षं पाचवीला शिकवणाऱ्या माणसाला कोण घाबरवणार? असं मी छातीठोकपणे सांगायचो. मग मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं.

"सर, उद्या तपासणीला मॅडम येतायत. मुलांना पुढच्या यंत्रयुगासाठी तयार करणारा तास हवाय त्यांना. नाही जमला, तर वर्ग नव्या बाईंकडे जाईल. तुम्ही सामानाची खोली सांभाळायची."

सामानाची खोली! म्हणजे उरलेली नोकरी मोडक्या बाकांना शिकवायचं!

"निर्धास्त राहा बाई," मी म्हणालो. "संगणकाला हात न लावता संगणक शिकवतो!"

बेत झकास होता. मी यंत्रमानव. मुलांनी फळ्यावर सूचना लिहायच्या, मी त्या तंतोतंत पाळायच्या. काम सोपं, पाहुण्यांना पाणी द्यायचं.

"यंत्राला आरडाओरडा कळत नाही," दुसऱ्या दिवशी मॅडम आणि मुख्याध्यापिका बाई वर्गात येऊन बसल्यावर मी वर्गाला बजावलं. "फळ्यावर असेल तेवढंच करणार. मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर!"

मुलांनी लिहिलं : पाण्याचा जग उचला. मॅडमच्या टेबलापाशी जा. ग्लासात पाणी ओता.

"आणि मग, सर?" एक पोरगी उठली. वर्षभर हिचं हेच! म्हणून तर मी तिचं नाव 'आणिमग' ठेवलं होतं.

"मग काही नाही! बस खाली!"

मान ताठ, हात ताठ, निघालो. मॅडम कौतुकाने हसल्या. मी ओतू लागलो. ग्लास काठोकाठ भरला. आता थांबावं, तर फळ्यावर तसं कुठं लिहिलंय? थांबलो तर मॅडम म्हणणार, हे कसलं यंत्र! की गेलोच सामानाच्या खोलीत. ओतत राहिलो.

"सर, पुरे!" वर्ग ओरडला.

"अहो सर!" मुख्याध्यापिका बाई किंचाळल्या.

मी ढिम्म! पाणी टेबलावरून तपासणीच्या कागदांवर, तिथून थेट मॅडमच्या मांडीवर!

आणिमग फळ्याकडे धावली. खडू करकरला : ग्लास भरला की थांबा.

थांबलो.

मॅडमनी कागद झटकले. "तुला कसं गं सुचलं?"

"मी आधीच विचारत होते. सर म्हणाले, बस खाली."

मेलो! मी डोळे मिटून घेतले.

"सर," मॅडम म्हणाल्या, "यंत्राला हुकूम सोडणारे पुष्कळ भेटतात. पुढचं विचारणारी पोरं तुमच्या वर्गात आहेत. वर्ग तुमच्याकडेच राहू दे. फक्त हिला खाली बसवू नका."

खरं सांगतो, जिला वर्षभर गप्प केलं, तिनेच माझा वर्ग वाचवला. या पोरीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. मी तिला म्हटलंही, "बाळ, आजपासून हवं तेवढं विचार."

"आणि मग, सर, हे पाणी?"

उत्तराची वाट न बघता तिने फळ्यावर लिहिलं : फरशी पुसा.

यंत्राने फडकं घेतलं. शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला, फरशी चकाचक झाली. पण थांबायची ओळ न लिहिताच आणिमग घरी निघून गेली होती!