‘राखवाट’ घ्यावा का?

मासिकात व्हिडिओ गेमांबद्दल लिहिणाऱ्या खेळवालीचा हात मोडल्याची बातमी संपादकांनी सकाळच्या चहाबरोबर सांगितली. सांगताना ते मिक्सरबाईंकडे बघत होते, तेव्हाच बाईंना कळायला हवं होतं.

ग्राहकांसाठी निघणाऱ्या त्या मासिकात बाई कित्येक वर्षं घरगुती यंत्रांची परीक्षणं लिहीत. मिक्सर, इस्त्र्या, पंखे, धुलाईयंत्रं. वस्तू घरी न्यायची, ती रडकुंडीला येईपर्यंत वापरायची आणि शेवटी एकच शब्द लिहायचा: घ्या, थांबा किंवा नको. बाईंनी ‘घ्या’ म्हटलं की लोक दुकानात जाऊन दुसरं काही बघतसुद्धा नसत. मासिकात ‘आमचं चुकलं’ नावाचा एक छोटा चौकोन असे. बाकीचे सगळे कधी ना कधी त्या चौकोनात जाऊन आले होते. बाई एकदाही गेल्या नव्हत्या. हे त्या कुणाला सांगत नसत, पण सगळ्यांना माहीत असेल याची काळजी घेत.

“पुढचा अंक नव्या व्हिडिओ गेमांचा आहे,” संपादक म्हणाले. “येत्या मोसमात काय काय येतंय, घ्यावं की वाट बघावी. बाकीचं तिनं लिहून ठेवलंय. फक्त ‘राखवाट’ राहिलाय, आणि लोक डोळे लावून बसलेत ते नेमके त्याच्यावर. कंपनीनं दोन-तीनदा पुढे ढकललाय. आपल्याला बाजारात यायच्या आधी पाठवलाय. अंक छापायला जायच्या आत कुणीतरी खेळायला हवा.”

“मी धुलाईयंत्रं बघते.”

“यालाही वायर आहे, बाई.”

बाईंनी खेळवालीला फोन लावला. निदान खेळ कशाचा आहे हे तरी विचारावं. पण बाईंनी ‘राखवाट’ म्हणताच पलीकडून ती घाईघाईनं म्हणाली, “काकू, मला काही सांगू नका हं. प्लास्टर निघालं की मला स्वतःला खेळायचाय. त्याबद्दलचं एक अक्षर वाचलेलं नाही मी.”

“अगं, मी सांगत नाहीये, विचारतेय.”

“तुम्ही काय विचारता त्यावरूनसुद्धा कळतं,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. कंपनीच्या पत्रातही एवढंच होतं की कथेतलं काहीही उघड करू नये. म्हणजे ज्यांना माहीत होतं ते सांगणार नव्हते आणि जिला समजलं असतं ती ऐकणार नव्हती. बाई खोका उचलून घरी आल्या.

घरी नवरा आणि सासूबाई. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू कुठल्या ना कुठल्या खाचेत बसतेच असा त्याचा विश्वास होता. त्यानं वायरी टीव्हीच्या मागे खुपसून यंत्र चालू करून दिलं. टीव्ही जुना होता. चित्र त्याच्या चौकटीत पुरतं मावत नसे; बातम्या लागल्या की खालच्या पट्टीतल्या अक्षरांची फक्त डोकी दिसत. घराला त्याची इतकी सवय झाली होती की आता ते कुणाच्या लक्षातही येत नसे.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. वर्षभरापूर्वी स्वतःचं घर आवरून त्या इथे राहायला आल्या, तेव्हापासून ती खुर्ची त्यांची. खाली उतरत नसत. “चला आई, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ,” असं म्हटलं की म्हणत, “तिथे कोण ओळखतंय मला?”

टीव्हीवर आधी अंधार झाला. मग एक घर दिसलं. आपण त्या घरात उभे आहोत आणि समोर आपलेच दोन हात आहेत, असं ते चित्र होतं. बाईंनी हातातल्या कंट्रोलरची एक दांडी ढकलली आणि त्या थेट भिंतीवर जाऊन आपटल्या. दुसरी ढकलली तर छत दिसायला लागलं.

“जरा हळू,” सासूबाई म्हणाल्या. “दुसऱ्याचं घर आहे.”

चहा गार होईपर्यंत बाईंना चालता यायला लागलं. मग मात्र त्यांनी आपलं नेहमीचं काम सुरू केलं. नळ सोडून पाहिला, पाणी आलं. फ्रिज उघडला, आत दिवा लागला. बंद केल्यावर तो विझतो का हे बघायचा त्यांनी फार प्रयत्न केला, आणि ते खऱ्या फ्रिजइतकंच इथेही कळत नाही असं त्यांच्या लक्षात आलं. शेगडीत राख होती.

“राख आहे,” बाई म्हणाल्या. “नाव बरोबर आहे म्हणजे.”

बाहेरचं दार एकदा ढकलून पाहिलं. ते नुसतं खडखडलं. टीव्हीच्या तळाशी काही अक्षरांची डोकी येऊन गेली.

“बाहेरून कडी घातलीय,” सासूबाई म्हणाल्या. “आतच बसायचं असेल. तो खण उघड बरं. नाही, त्याच्या खालचा.”

खणात कात्री होती. सासूबाई खुर्ची पुढे ओढून टीव्हीच्या जवळ आल्या. “बाई डावखुरी आहे बघ या घरातली. कात्रीची पाती उलटी आहेत.” मग अर्धवट विणलेला स्वेटर सापडला. एका बाजूची बाही लांब होती. “आणि नवऱ्याचं माप न घेताच विणत होती. म्हणजे तो घरी नसायचा.” पलंगाखाली पुरुषाचा एकच बूट होता. दुसरा बूट कुठे गेला हे शोधण्यात ती संध्याकाळ गेली. नवरा कामावरून आला, तर दोघींपैकी कुणीही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

“जिंकलात का?” त्यानं विचारलं.

“बूट सापडत नाहीये,” त्याची आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच यंत्र लावलं होतं. बाई कचेरीतून आल्या तेव्हा खेळातल्या घरातला पलंग नीट केलेला, ताटल्या मांडणीत लावलेल्या आणि उलटं पडलेलं छायाचित्र सरळ केलेलं. बाहेरून मधूनच लांबलचक रडण्याचा आवाज यायचा.

“कुत्री आहेत शेजाऱ्यांची,” सासूबाईंनी माहिती दिली. “आत घेत नाहीत वाटतं बिचाऱ्यांना.”

परीक्षण लिहायला बाईंना मुळीच त्रास पडला नाही. कथा उघड करायची नव्हती म्हणून त्यांनी बूट आणि स्वेटर वगळले. “घर प्रशस्त असून उजेड उत्तम आहे,” त्यांनी लिहिलं. “नळ, खण, कपाटं यांचं काम सफाईदार. घाई करणारं कुणी नाही. ज्येष्ठ मंडळींना विशेष रमवणारा, निवांत आणि घरगुती खेळ. बाहेरच्या कुत्र्यांचा आवाज थोडा कमी हवा होता. निकाल: घ्या.”

संपादकांनी ते दोनदा वाचलं. “निवांत? मला वाटलं होतं यात काहीतरी हाणामारी असते.”

“तुम्ही खेळलात का?”

“नाही.”

“मी खेळले,” बाई म्हणाल्या, आणि अंक छापायला गेला.

मिक्सरबाईंनी पहिल्यांदाच एखाद्या व्हिडिओ गेमला ‘घ्या’ म्हटलं होतं, ही गोष्ट त्यांच्या वाचकांच्या डोळ्यांत भरली. बाईंचे वाचक म्हणजे ज्यांच्या घरी वीस वर्षांपूर्वीचा मिक्सर अजून चालतो अशी माणसं. खेळ बाजारात आला त्या दिवशी दुकानांसमोरच्या रांगेत तरुण पोरांच्या मधेमधे काठ्या घेतलेली माणसं उभी आहेत, असं कुणीतरी कचेरीत येऊन सांगितलं. संपादक खूष झाले. बाईंनी त्या दिवशी दोन कप चहा घेतला.

पहिला फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. एक निवृत्त मुख्याध्यापिका बोलत होत्या. वर्ग शांत होईपर्यंत थांबायची सवय असल्यामुळे त्या एकेक वाक्य सावकाश बोलत. “आपण लिहिलंय तसं घर आहे. उजेडही चांगला आहे. मी पडदे सरकवले. नंतर दार उघडलं.” इथे त्या थांबल्या. “तुमची ती कुत्री आत आली.”

“मग?”

“त्यांनी मला खाल्लं.”

दुपारपर्यंत कचेरीतले सगळे फोन वाजत होते. कुणाला न्हाणीघरात खाल्लं होतं, कुणाला जिन्यात. एका आजोबांनी नुकतीच फरशी पुसून घेतली होती आणि त्यांना खाल्ल्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. संपादकांनी बाईंना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“बाई, दार उघडतं म्हणे.”

“आमचं नाही उघडलं.”

“सगळ्यांचं उघडतंय.”

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना त्या चौकोनाची आठवण झाली. पण त्याच वेळी, खरं सांगायचं तर, आपल्या घरचंच दार का उघडलं नाही हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. त्यांनी खेळवालीला फोन लावला. तिचं प्लास्टर आता मनगटापुरतंच उरलं होतं. सगळीकडे बोभाटा झाल्यामुळे न ऐकण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं; तिनं खेळाबद्दल सगळं वाचून काढलं होतं. ती संध्याकाळी घरी आली.

सासूबाई खेळात खिडक्यांच्या काचा पुसत होत्या. खेळवाली टीव्हीसमोर वाकली.

“या काचा पुसता येतात हे मला माहीतच नव्हतं,” ती म्हणाली. मग तिनं टीव्हीच्या रिमोटवरचं कुठलंसं बटण दाबलं. चित्र आक्रसलं, चौकटीत मावलं आणि तळाशी आख्खी ओळ दिसायला लागली: बाहेर पडण्यासाठी दार दोनदा ढकला. शत्रू जवळ आहे.

“काकू, हे घर म्हणजे सुरुवातीची शिकवणी आहे. इथे नुसतं चालायचं कसं ते शिकायचं. लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात. खरा खेळ बाहेर आहे, जळून गेलेलं शहर वगैरे. थांबा, दाखवते.” आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं डाव्या हातानं दार दोनदा ढकललं.

दार उघडलं. बाहेर लालसर अंधार होता. त्यातून काहीतरी चार पायांवर धावत आलं, पण ते कुत्रं नव्हतं. त्यानं दाराची एक फळी तोडली, मांडणीतल्या ताटल्या पाडल्या आणि टीव्हीचा पडदा अंधारला.

“दार लावून घे,” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, ते आता नाही लागत. खेळ पुढे गेला. आपोआप जपून ठेवला जातो.”

“म्हणजे माझं घर आता असंच उघडं राहणार?”

खेळवालीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं त्या वेळी कवळ्यांबद्दलचं काहीतरी काम काढलं आणि तो आत गेला.

“परत पहिल्यापासून सुरू करता येईल,” खेळवाली चाचरत म्हणाली. “पण मग तुम्ही लावलेलं सगळं जाईल. पलंग, ताटल्या, सगळं.”

सासूबाईंनी कंट्रोलर हातात घेतला. “मारायचं बटण कुठलं?”

त्या संध्याकाळी बाईंना सासूबाईंची एक नवीनच बाजू दिसली. आधी त्यांनी तवा वापरला. मग कपाट ढकलून दाराला लावता येतं हे त्यांना कळलं. मग मांडणीही. शहरात जायला त्यांनी साफ नकार दिला. “माझं काय काम तिथे? त्यांना यायचं तर त्यांनी यावं.” ती जनावरं येत, आणि चिखलाच्या पायांनी येत म्हणून सासूबाईंना जास्त राग येई. खेळवाली शेजारी बसून नुसती “डावीकडून, आजी, डावीकडून” म्हणत होती. थोड्या वेळानं तेही म्हणायची गरज उरली नाही.

पुढच्या अंकात चौकोन बाईंच्या वाट्याला आला. मजकूर त्यांनी स्वतःच लिहिला. “‘राखवाट’ या खेळातली कुत्री कुत्री नाहीत. दार दोनदा ढकलल्यास उघडतं. आमच्या टीव्हीची खालची बाजू दिसत नव्हती. घराबद्दल लिहिलेलं सगळं खरं आहे.” निकालाच्या जागी काय लिहावं यावर त्या बराच वेळ अडल्या. खेळवालीनं ‘थांबा’ सुचवलं, संपादकांना ‘नको’ हवं होतं. बाईंनी अखेर ‘घ्या, पण दाराला कपाट लावा’ असं लिहिलं आणि एकाच शब्दाचा आपला नियम पहिल्यांदा मोडला.

चौकोन छापून आल्यावर आभाळ कोसळेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फोन मात्र थांबले नाहीत, फक्त तक्रारींच्या जागी प्रश्न यायला लागले. कपाट कुठलं, जड की हलकं? मागच्या खिडकीचं काय करायचं? बाईंना यातलं काही येत नव्हतं. त्या विचारणाऱ्यांना सासूबाईंशी बोलायला घरचा नंबर देऊ लागल्या.

एका संध्याकाळी त्या घरी आल्या तर खिडकीजवळची खुर्ची रिकामी. स्वयंपाकघरात कुणी नाही, न्हाणीघरात नाही. टीव्ही बंद होता, चपला जागेवर नव्हत्या. नवरा जिना उतरून खाली शोधून आला होता.

“वर्षभर खाली उतरली नाही ती,” तो म्हणाला. “जाईल कुठे?”

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सासूबाई होत्या आणि मागे बरीच आदळआपट ऐकू येत होती.

“अगं, मी समोरच्या इमारतीत आहे, त्या मुख्याध्यापिका आहेत ना, त्यांच्याकडे. मघाशी फोनवर बोलता बोलता कळलं की त्या इथेच राहतात. यांच्या स्वयंपाकघरात दोन शिरलीत आणि यांना कपाट हलवता येत नाहीये. अजून तिघी आल्यात.” मग फोन थोडा लांब धरून त्या कुणाला तरी म्हणाल्या, “घाबरायचं नाही. आधी नळ बंद करा, पाणी वाया चाललंय.”

“आई, जेवायचं काय?” बाईंनी विचारलं.

“तुम्ही जेवून घ्या,” सासूबाई म्हणाल्या. “मला उशीर होईल.”