सोफ्याच्या सुरक्षिततेबाबत

घरातली मौल्यवान वस्तू आधी झाकावी आणि मगच भिंतीला हात लावावा, हे सुसंस्कृत कुटुंबाचं लक्षण आहे. आमच्या कुटुंबात ते ठळकपणे आढळतं.

घर जुनं. खिडक्यांच्या चौकटींवर रंगाचे इतके थर, की एकही झडप नीट लागत नव्हती. ते खरवडून खिडक्यांना आणि भिंतींना नवा रंग द्यायचा ठरल्यावर रीतसर गृहदुरुस्ती समिती स्थापन झाली. अध्यक्ष बाबा, कार्याध्यक्ष दादा, सचिव मी. वहिनी कायम निमंत्रित (चहा करण्यासाठी, मताधिकार नाही). दादा-वहिनीची चिंगी दीड वर्षाची. हाताला लागेल ते तोंडात घालण्याचं तिचं वय, त्यामुळे सदस्यत्वास अपात्र.

पहिल्याच बैठकीत वहिनीने खोडा घातला. "मुलांच्या डॉक्टर म्हणाल्या, जुन्या रंगात शिसं असतं. कोरडं घासलं की धूळ उडते, जमिनीवर बसते आणि पोरांच्या हातांवाटे पोटात जाते. मेंदूला अपाय होतो आणि वरून काही कळतही नाही. आधी रंग तपासून घ्या. आणि काम होईपर्यंत मी चिंगीला घेऊन आईकडे राहते."

बाबांनी चष्मा पुसला. "आम्ही याच खिडक्यांत वाढलो. पोपडे काढून खायचो, गोड लागायचे. आम्हाला काय झालं?"

प्रश्न बिनतोड होता. समितीने तो नोंदवून घेतला. चहा झाल्यावर बाबा म्हणाले, "आम्ही याच खिडक्यांत वाढलो. आम्हाला काय झालं?" तोही नोंदवून घेतला. (समितीच्या पाहणीनुसार या खिडक्यांत वाढलेल्या शंभर टक्के लोकांना काहीही झालेलं नाही. पाहणीत आम्ही तिघेच होतो. त्यांतल्या एकाला प्रश्न पुन्हा सांगावा लागला.)

आईकडे जाण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला, कारण मग रंगाऱ्यांना चहा कोण देणार? पाणी मारून घासायलाही रंगाऱ्याची हरकत नव्हती. पण त्या लगद्याचे डाग नव्या लाकडी जमिनीवर पडले असते. "धुळीचं काय एवढं? झाडली की गेली," दादा म्हणाला. (झाडल्यावर ती खरोखरच जाते. शेजारच्या खोलीत.)

संरक्षणात मात्र आम्ही कुठेही हयगय केली नाही. सोफ्याला प्लास्टिक. टीव्हीला प्लास्टिक, वर चादर. शोकेसच्या फटींना चिकटपट्टी. बाबांचे लग्नातले बूट उशीच्या अभ्र्यात. दादाचे स्पीकर तर शेजाऱ्यांकडे हलवले. स्पीकरना धूळ सोसत नाही. एवढं करून प्लास्टिक संपलं, तेव्हा घरात उघडी अशी एकटी चिंगीच उरली. समितीने तातडीने लक्ष घातलं आणि तिला सगळ्यांच्या नजरेसमोर राहील असं बसवलं, म्हणजे खिडकीखाली.

तिथे ती पांढऱ्या धुळीत बोटाने रेघा ओढायची आणि बोट चाटायची. दादाने व्हिडिओ काढला. "बघ, आत्तापासून लिहायला लागली!" नातेवाइकांनी भरभरून कौतुक केलं. वहिनी दिवसभर ओल्या फडक्याने जमीन पुसायची, चिंगीचे हात धुवायची. तिला समितीने 'नाटकं' या सदराखाली समज दिली.

शेवटी वहिनीने समितीची मंजुरी न घेता चिंगीचं रक्त तपासून आणलं. रक्तात शिसं निघालं. किती, असं बाबांनी विचारलं. "असायलाच नको होतं, एवढं," वहिनी म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही. पुढचं मात्र थांबवता येईल." दादा सोफ्यावर मटकन बसला. प्लास्टिक कर्रकन वाजलं. मला तेव्हा स्वतःची लाज वाटली. पण सचिवाला मत मांडता येत नसल्याने ती कुठे नोंदली गेली नाही.

वहिनी त्याच दुपारी चिंगीला घेऊन आईकडे गेली. या खेपेला तिने प्रस्ताव मांडला नाही. त्यामुळे आजच्या तारखेला आमच्या घरातलं प्रत्येक मूल पूर्णपणे सुरक्षित आहे, असा ठराव समितीने एकमताने संमत केला.

भिंती मात्र देखण्या झाल्या आहेत. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकीकत जशीच्या तशी सांगतो. लोक हळहळतात, मनातल्या मनात आम्हाला मूर्ख ठरवतात आणि निघताना दारात एकच गोष्ट विचारतात. तुम्हीही तीच विचारणार, म्हणून आधीच सांगून टाकतो: शेड दुधाळ पिवळी, रंगारी सोमवारपासून मोकळा आहे, आणि तुमच्या घरात लहान मूल आहे का, असलं काही तो मध्येच विचारत बसत नाही.