चौसष्ट केबीतलं घर

"चार वाजायच्या आत संपवते. त्यात काय आहे!" थोरलीने जाहीर केलं आणि बाबांचा जुना फोन चार्जरला लावला.

खरं तर तिथेच सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं. या घरात "त्यात काय आहे" म्हणून हाती घेतलेलं एकही काम आजवर धड पार पडलेलं नाही. याच शब्दांत बाबांनी एकदा पंखा पुसायला उतरवला होता. तो पंखा पुढचा अख्खा उन्हाळा पलंगाखाली होता!

बाबा गेल्यापासून त्यांचं कपाट कुणी उघडलं नव्हतं. त्या रविवारी उघडलं. आई शर्टांच्या घड्या मोडून पुन्हा तशाच घालत होती. शर्टांना आता नुसता कपाटाचा वास येत होता. खालच्या कप्प्यात बाजाराच्या पिशवीत डझनभर फोन निघाले, आणि चार्जरच्या वायरींचा असा गुंता, की त्यापुढे शेवयांनी लाजावं.

बाबा मोबाइलवरचे खेळ तयार करायचे. आत्ताचे नव्हेत. फोनला बटणं होती, पडदा काडेपेटीएवढा होता आणि फोनमध्ये खेळ चालवणारं जावा आहे हे लोक घरी गाडी घेतल्यासारखं सांगत, त्या काळातले. अख्खा खेळ चौसष्ट केबीत बसवावा लागे. त्याहून मोठा खेळ फोन घेतच नसे. आज कुणी नुसता फुलांचा फोटो पाठवला तरी तो याच्या कितीतरी पट भरतो! एवढ्याशा जागेत बाबा माणसं, रस्ते, कुत्री, पाऊस सगळं कोंबायचे. माणसाचा एकच पाय काढायचे आणि तोच उलटा करून दुसरा म्हणून लावायचे. पुढे पुढे ही सवय घरातही आली. प्रवासाची बॅग भरताना आईच्या चपलांच्या दुसऱ्या जोडाकडे बघून ते गंभीरपणे विचारायचे, "हा काढला तर चालेल का?"

थोरलीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षी त्यांनी 'चला घरी' नावाचा खेळ केला. एक ढेरपोट्या माणूस बॅग घेऊन ऑफिसातून निघतो आणि खड्डे, कुत्री चुकवत वेळेत घरी पोचतो, एवढंच. "शेवटपर्यंत खेळ हं," ते तिला म्हणाले होते, "शेवटी तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय." ती खेळायला बसली, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनीच फोन काढून घेतला. परीक्षा झाल्यावर, म्हणाले. परीक्षा झाली तोवर घरात रंगीत फोन आले, रंगीत खेळ आले, आणि ते 'काहीतरी' त्या काळ्या-पांढऱ्या फोनमध्येच राहून गेलं.

आता तिला ते हवं होतं. बाबांकडून मिळायचं असं तेवढं एकच शिल्लक होतं.

फोन सुरू झाला! ढेरपोट्या ऑफिसच्या दारातून बाहेर आला. चारने डावीकडे, सहाने उजवीकडे. पहिला खड्डा आला. थोरलीने उडीसाठी पाच दाबलं. ढेरपोट्या शांतपणे चालत खड्ड्यात गेला.

पडद्यावर एक खिडकी उघडली. खिडकीत एक बाई होती. खाली ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेली अक्षरं आली: झाला ना उशीर?

"हे वाक्य माझं आहे!" आई शर्ट टाकून उठली. "आणि ती बाईपण मीच! नाक बघ! हा खेळ करण्यापायी रोज उशिरा यायचे, आणि खेळ काय, तर वेळेवर घरी पोचायचा!"

पाच काही केल्या चालेना. थोरलीने फोन उजेडात धरला. बाकीच्या बटणांवरचे आकडे जागेवर होते. पाचाचा मात्र मागमूस नव्हता. उडीचं बटण तेच. बाबांच्या अंगठ्याने ते रबर चमच्यासारखं खोलगट झालं होतं. तिने त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. तिचा अंगठा लहान पडला.

"ताई, सरक," धाकटा म्हणाला. धाकटा एका मोठ्या कंपनीत मोठा कॉम्प्युटरवाला आहे आणि ते तो कुणाला विसरू देत नाही. "बाबांच्या सगळ्या फाइली आहेत माझ्याकडे. लॅपटॉपलाच जुना फोन असल्याचं सोंग घ्यायला लावतो. दोन मिनिटांत शेवट दाखवतो. त्यात काय आहे!"

झालं! दुसऱ्यांदा तेच वाक्य!

लॅपटॉपवर खेळ सुरू झाला आणि लगेच खिडकीतली बाई म्हणाली, झाला ना उशीर?

"अरे, तो माणूस कुठाय?"

"गेला."

"कुठे?"

"खड्ड्यात. दिसला नाही, इतका जोरात गेला." धाकट्याने डोकं धरलं. "बाबांनी चालण्याला वेळेचं मापच लावलेलं नाही! माणसाने एक पाऊल टाकलं की फोनला उगाच आकडे मोजत बसवलंय, तेवढाच वेळ जावा म्हणून. फोन हळू मोजायचा, माणूस हळू चालायचा. लॅपटॉप मोजून कधीच मोकळा! असं कोण लिहितं?"

"ज्याने तुझी फी भरली तो," आई म्हणाली. "बंद कर ते. पळवतायत माणसाला."

मग आईनेच शिवणाचा डबा आणला. धाकट्याने फोन उघडला. रबराखालचा पत्रा दबून बसला होता. आईने त्यावर एक टिचबटण ठेवलं, वरून रबर बसवलं आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबलं. टक! ढेरपोट्याने उडी मारली!

पण टिचबटण दाबायला जोर एवढा लागे, की एका हाताचं काम नव्हे. शेवटी असं ठरलं: डावं-उजवं थोरलीने करायचं, उडी आईने मारायची. ज्या बाईने त्या फोनांना आयुष्यभर 'डबडी' म्हटलं, ती पेन्सिल घेऊन नेम धरून बसली.

"आई, उडी!"

"मारली!"

"आत्ता नाही, खड्डा आल्यावर!"

"मग आधी कशाला ओरडतेस? कुत्रा आला, कुत्रा आला!"

"तो कुत्रा नाही, तो खांब आहे!"

"खांबाला शेपूट कशाला काढलीय मग?"

खिडकीतल्या बाईने त्यांना इतक्यांदा विचारलं, की शेवटी आई तिच्यावरच डाफरली, "अगं हो, झाला! कळलं!"

त्या गोंधळात मामा आला. आईचा धाकटा भाऊ. तो जाता जाता डोकावतो आणि चहाचे दोन कप होईपर्यंत डोकावतच राहतो. नेमका त्याच वेळी ढेरपोट्या घराच्या जिन्यापाशी पोचला होता. जिन्यात एक माणूस उभा होता. चौकड्यांचा शर्ट, काखेत छत्री. तो ढेरपोट्याला आडवा आला आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली: दोनच मिनिटं हं!

पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं. ढेरपोट्या हलेना. उडी मारून होईना, मागे जाऊन होईना.

सगळ्यांनी हळूच मामाकडे पाहिलं. मामाच्या अंगात चौकड्यांचा शर्ट होता.

"हा... हा मी आहे?" मामा म्हणाला. "अक्का, भावोजींनी मला कुत्र्यांच्या रांगेत बसवलं?"

"कुत्र्यांच्या पुढे रे," आईने समजूत घातली. "कुत्री पहिल्या रस्त्यावरच संपतात."

"आण इकडे! बघू दे मला!" मामाने फोन हिसकावला. त्याचा अंगठा कुठल्यातरी बटणावर पडला, आणि ढेरपोट्याने हात वर करून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चौकड्यांचा शर्ट अदबीने बाजूला झाला! जिना मोकळा!

कुणी हसलं नाही. कारण ते हात वर करणं सगळ्यांना माहीत होतं. मामा बोलायला लागला की बाबा असंच करायचे: बाही मागे, मान जराशी तिरकी.

"माझ्याशी बोलताना ते घड्याळ बघायचे," मामा सावकाश म्हणाला. "मला वाटायचं, केवढं काम असतं माणसाला! मी आपला वाट सोडायचो." त्याने फोन परत दिला आणि खाली बसला. "बघू दे आता. आत काय बोलतात माझ्यामागे, तेही कळू दे."

ढेरपोट्या दारापाशी पोचला आणि त्याने बेल वाजवली. फोन जुन्या, चिरक्या आवाजात वाजला: दोन छोट्या, एक लांब, बाबा वाजवायचे तशी.

आई उठली. पेन्सिल हातात तशीच. चार पावलं गेली आणि तिने घराचं दार उघडलं.

बाहेर जिना होता. रिकामा.

"आई, उंबरठा!" धाकटा ओरडला. "उडी मारायचीय! आई!" पण उडी आईच्या हातात होती आणि आई दारात. कोपऱ्यातलं घड्याळ संपलं. खिडकी उघडली. झाला ना उशीर?

आईने दार लावून घेतलं. कडी दोनदा तपासली. "वारा आत येत होता," ती म्हणाली.

दार तर तिने उघडेपर्यंत बंदच होतं.

पुन्हा पहिल्यापासून! खड्डे, कुत्री, शेपटीचा खांब. जिन्यापाशी मामाने स्वतःच बटण दाबलं आणि स्वतःला बाजूला केलं. चार केव्हाच वाजून गेले होते. बेल वाजली. दोन छोट्या, एक लांब. आई जागची हलली नाही. पेन्सिल बटणावर टेकवून तिने डोळे मिटले.

"आई, दाब ना!"

"थांब गं. वाजू दे जरा."

घड्याळात शेवटचा सेकंद उरला असताना तिने दाबलं. टक! ढेरपोट्या उंबरठ्यावरून आत गेला. दार बंद झालं. पडदा पांढरा झाला आणि अक्षरं एकेक करून उमटू लागली. त्या फोनांना मराठी येत नसे, म्हणून बाबांनी ती ठिपका-ठिपका मांडून काढली होती. अगदी त्यांच्या हस्ताक्षरासारखी, पोट फुगलेला 'अ', ताठ काना. थोरलीने चष्मा पुसून पुन्हा लावला.

मी आलो. तू फोन ठेव आणि अभ्यासाला बस.

"एवढंच?" मामा उखडला. "एवढ्यासाठी मला जिन्यात उभं केलं?"

धाकटा तोंड फिरवून वायरींचा गुंता सोडवायला लागला. त्या गुंत्याची तशी काही घाई नव्हती.

"मग?" आईने पेन्सिलीने थोरलीला ढोसलं. "वाचलंस ना? ऊठ."

आता थोरली स्वतः कॉलेजात शिकवते. पोरांना अभ्यासाला बसा म्हणण्याचा तिला पगार मिळतो. तरी तिने मुकाट्याने फोन ठेवला आणि खिडकीजवळच्या टेबलापाशी जाऊन बसली. पाठ ताठ, हात टेबलावर, बाबांना आवडायची तशी. अभ्यास कशाचा करायचा, ते मात्र त्यांनी लिहिलं नव्हतं. चौसष्ट केबीत तेवढी जागा उरली नसावी!